रीपरमध्ये लूप आणि गाण्याचे भाग

केरव्यातल्या (आठ मात्रांच्या तालातल्या) गाण्याचा एकच अंतरा पुन्हा पुन्हा ऐकायचा असल्यास रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रोजेक्टची लय नेमकी ठरवून स्नॅप (निवडीच्या कडा मात्रांच्या रेषांना चिकटवणारी सोय) चालू करावे. अन्यथा लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा, शेवट समेच्या किंचित मागेपुढे पडतो आणि दर फेरीला ठेका अडखळतो. मग वरच्या कालपट्टीवर माउस ओढून अंतरा निवडावा आणि ‘आर’ कळ दाबून रिपीट चालू करावे. याच स्थितीत रेकॉर्डिंग केल्यास प्रत्येक फेरीचा स्वतंत्र टेक (त्या फेरीचे रेकॉर्डिंग) साठतो, आणि नंतर तो आयटम (ट्रॅकवर दिसणारा रेकॉर्डिंगचा तुकडा) निवडून ‘टी’ दाबत हे टेक एकेक करून ऐकता येतात. (गायकाला मात्र चार-पाच फेऱ्यांनंतर विश्रांती द्यावी.)

निवडलेल्या भागावर ‘शिफ्ट’ आणि ‘आर’ एकत्र दाबल्यास रीजन, म्हणजे गाण्याचा नाव देता येणारा भाग, तयार होतो. त्याला ‘मुखडा’, ‘अंतरा १’ अशी नावे द्यावीत. ‘एम’ने मार्कर (कालपट्टीवरची खूण) बसतो, पहिल्या दहा मार्करांवर अंकांच्या कळांनी, तर मागच्या-पुढच्या मार्करवर चौकोनी कंसांच्या कळांनी जाता येते. गाणे चालू असताना अशी उडी मारल्यास ताल मध्येच तुटतो; तो सांभाळायचा असेल तर प्रेफरन्सेसमधील ‘स्मूथ सीक’ चालू करावे.