ओठावरचा हट्टी चट्टा दाखवायला जाण्याआधी

वरच्या ओठावर, मिशीच्या जागी, पिवळसर-पांढरा कडक चट्टा कित्येक महिने जात नसेल तर तो दाखवायलाच हवा. मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा नावाचा त्वचेचा दुर्मिळ कर्करोग बऱ्याचदा याच जागी होतो. स्वतंत्र आजार म्हणून त्याची नोंद झाली तीच १९८२ मध्ये. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो आणि बहुधा दुखत नाही, त्यामुळे जुना वण समजून माणसं गप्प बसतात. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, पण हा ओळखायला अवघड आहे, म्हणून तयारीनं जा.

आधी मोबाइलमधले जुने फोटो काढा. समारंभात हसताना घेतलेला एखादा फोटो मोठा करून पाहिला की चट्टा नेमका कधीपासून आहे ते कळतं. मग खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून, एक ताजा फोटो घ्या.

यानंतरचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं. हा कर्करोग नसांच्या, म्हणजे स्पर्श कळवणाऱ्या मज्जातंतूंच्या, कडेकडेनं सरकतो. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी कापसाची बारीक वात ओठाच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवायला सांगा. एका बाजूला स्पर्श कमी लागतो का? मुंग्या येतात, जळजळ होते, पेल्याची कड नीट जाणवत नाही? असेल ते तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

पूर्वी चेहऱ्यावर किरणोपचार झाले असतील, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, भूल देण्याच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी, पेसमेकर यांची चिठ्ठी करा. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. त्या दिवशी ओठाला लिपस्टिक, मलम काही नको. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी चट्ट्याचा तुकडा काढणं, साधारणपणे तेवढीच जागा बधिर करून होते, त्यामुळे उपाशी राहण्याची सूचना नसेल तर खाऊन जा. नंतर बधिर ओठानं खाताना तो चावला जातो.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: नमुना किती खोल घेणार? वरवर खरवडलेल्या तुकड्यात छोट्या निरुपद्रवी पुटकुळ्यांसारख्या रचनाच दिसतात, आणि रिपोर्टमध्ये सिरिंगोमा किंवा ट्रायकोएपिथेलिओमा असं साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीचं निदान येऊ शकतं. खरी खूण असते खाली, नसांभोवती शिरलेल्या पेशींच्या बारीक दोऱ्यांत. त्यासाठी नमुना त्वचेखालच्या चरबीपर्यंत जायला हवा. चेहऱ्यावर वण नको म्हणून ‘छोटासाच घ्या’ असा आग्रह धरू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. तो वाचवलेला वण पुढे मोठ्या शस्त्रक्रियेनं भरून द्यावा लागू शकतो.

आधी बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, प्रयोगशाळेतून स्लाइड आणि नमुना जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. त्याच ब्लॉकवर दुसरे पॅथॉलॉजिस्ट (नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर) विशेष रंगचाचण्या करू शकतात. त्यांना काही दिवस जास्त लागतात, तेवढे द्या.

रिपोर्ट हातात आला की ‘नमुना वरवरचा’ किंवा ‘नसांभोवती पेशी’ असं कुठे लिहिलंय का ते शोधा. आणि साधी गाठ म्हटलेली असूनही ओठ बधिरच असेल, तर घरी परतण्याआधी पुन्हा दाखवण्याची तारीख घेऊनच निघा.