तंबोऱ्याचा गळा सुटला तर

तारा लावताना स्वर उतरत राहतो, तारा दांडीपासून उचललेल्या दिसतात, गळ्यापाशी बोटाने ठोकलं की पोकळ, किरकिरता आवाज येतो. असा तंबोरा आला की मी आधी खुंट्या बघत नाही, गळा बघतो. दांडी आणि भोपळा जोडणारा हाच सांधा चारही तारांचा ताण सोसतो.

आधी सगळ्या तारा सैल करा, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून ठेवा. फटीत कागद सरकतोय का पाहा. सरकला तर सांधा पूर्ण उघडलेलाच बरा. वरून गोंद ओतून काही होत नाही, आतला जुना थर तसाच राहतो.

मिरजेचे जुने तंबोरे सरस या गोंदाने जोडलेले असतात. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर ठेवत राहा, मग पातळ सुरी हळूच आत घाला. सरस सुटतो. म्हणूनच मी इथे एपॉक्सी वापरू देत नाही: पुढच्या माणसाला लाकूड फोडूनच सांधा उघडावा लागतो. सुतारकामाचा पांढरा गोंद कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. सरस जनावराच्या कातड्याचा, म्हणून काही घरांत नाक मुरडतात. त्यांना मी आधीच सांगून टाकतो.

जुना सरस ओल्या फडक्याने पुसा, लाकूड खरवडू नका. खरवडलं की बसण सैल होते. रात्रभर वाळू द्या.

सरस थंड पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम करा. उकळलात तर त्याची ताकद गेली. ब्रशवरून सलग धार पडली की तयार. लाकूडही हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, नाहीतर सरस लावता लावताच गोठतो. सांधा बसवला की लगेच खुंट्यांकडून घोडीच्या जागेपर्यंत मधोमध दोरा ताणा आणि दांडी सरळ आहे ना बघा. तिरकी असेल तर हलवायला मिनिटभरच मिळतं.

मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. लाकडावर घट्ट, भोपळ्यावर मात्र बेताने, भोपळा दाबाने तडकतो. बाहेर आलेला सरस गरम ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस हात लावू नका.

तारा एकदम स्वरात आणू नका. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा आधी, त्याही खालच्या स्वरात. पंचमाची पहिली आणि खर्जाची शेवटची तार दुसऱ्या दिवशी. आणि उन्हात उभ्या गाडीत तंबोरा ठेवायचा नाही, तिथे सरस पुन्हा मऊ पडतो.