घरच्या सामायिक कॉम्प्युटरवरचं खासगी फोल्डर : माझा अनुभव

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर, विंडोज होमवाला. बाबांचे दवाखान्याचे रिपोर्ट आणि बँकेची कागदपत्रं मी एका फोल्डरमध्ये ठेवून त्याला प्रॉपर्टीजमधून 'हिडन' केलं होतं. एकदा भाच्याने एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक केली आणि सगळं समोर आलं. फार वाईट वाटलं, कारण ते बाबांचं खासगी होतं.

आधी प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) अकाउंट करून दिलं. पण अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेल्या) अकाउंटवरून दुसऱ्याचं फोल्डर उघडता येतंच, शिवाय डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर अकाउंटचा पासवर्ड आड येत नाही. म्हणून व्हेराक्रिप्ट हे फायली पासवर्डने कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते फुकट आहे. त्यात ५ जीबीची एक कंटेनर फाइल (आत इतर फायली ठेवायची कुलूपबंद पेटीच) केली, एईएस एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये म्हणून माहिती सांकेतिक करायची एक पद्धत) निवडलं. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, 'डिसमाउंट' (नव्या आवृत्तीत 'अनमाउंट') केलं की बंद. काम झाल्यावर डिसमाउंट करायला विसरू नका.

जुन्या फायली कंटेनरमध्ये कॉपी करून मूळ फायली शिफ्ट-डिलीटने उडवल्या, तरी रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने त्या परत मिळू शकतात. त्यामुळे नवीन कागद आता थेट कंटेनरमध्येच सेव्ह करतो. पासवर्ड विसरला तर कोणीही उघडून देऊ शकत नाही. तो आईच्या कपाटात पाकिटात लिहून ठेवलाय, आणि कंटेनरची एक प्रत पेनड्राइव्हवर.