आधी तिथी, मग बॅग: नाशिकहून डहाणू-बोर्डीला जाताना

बॅग नंतर भरू. आधी फ्रिजशेजारचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवा.

समुद्रावर जायचं ठरलं की आपण नाशिककर रविवार बघतो, शाळेची सुट्टी बघतो, फार तर साहेबांचा मूड बघतो. तिथी कोणी बघत नाही. आम्हीही पहिल्यांदा बघितली नव्हती. चांदण्यात समुद्र बघू म्हणून ऐन कोजागरीला बोर्डी गाठली. सहाच्या सुमारास मुलं सुरूच्या बनातून धावत बाहेर आली, तर समोर समुद्रच नाही. ओल्या करड्या वाळूचा पट्टा लांबवर पसरलेला आणि त्याच्या पार टोकाला एक पांढरी रेघ. धाकटीनं विचारलं, "बाबा, आज पाणी सोडलं नाही का?" गंगापूर धरणातून पाणी सुटलं की गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला पाणी, एवढंच तिला ठाऊक. मी तरी तिच्यापेक्षा शहाणा कुठं होतो!

तिथला हिशेब नंतर चहाच्या टपरीवर मांगेला या इथल्या मच्छीमार समाजातल्या एका आजोबांनी शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जवळपास. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, गणित तेच, आणि भरती दिवसातून दोनदा. तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढंमागं धरा; मिनिटांत वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. पण तारीख ठरवायला पाऊणपट पुरते. आमच्या कोजागरीचं काय झालं ते आता तुम्हीच काढा: भरती बाराला, म्हणजे संध्याकाळी सहाच्या पुढे ऐन ओहोटी. त्यातून पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच मागं हटतं, आणि हा किनारा इतका सपाट की मागं हटलेलं पाणी दिसेनासं होतं. खंभातच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, आणि डहाणू त्याच वाटेवर आहे. अष्टमीच्या आसपास याच्या उलट. त्याला भांग म्हणतात, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही.

म्हणून आमच्या घरी यादीची पहिली ओळ ठरलेली असते: षष्ठी किंवा सप्तमी. त्या दिवशी भरती साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान येते. सकाळी सहाला नाशिक सोडायचं, अकरापर्यंत पोचायचं, जेवायचं, ताणून द्यायची आणि चारला पाण्यावर जायचं. समुद्र जवळ आलेला असतो, भांगाचे दिवस म्हणून लाटांना जोर कमी असतो, आणि भरती आहे तोवरच सूर्य मावळतीला लागतो. षष्ठी शनिवारी आली तर लॉटरीच. नाही आली तर एक रजा टाका. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते ती वेगळीच. शिंपले, खेकडे, वाळूतली नक्षी यांचं वेड असलेली मंडळी बरोबर असतील तर मात्र पौर्णिमा-अमावास्या धरा आणि सकाळी सहाला किनाऱ्यावर हजर राहा. तेव्हाची ओहोटी म्हणजे उघडं पडलेलं अख्खं प्रदर्शन.

महिन्याचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, त्यामुळे ताजी मासळी मिळेल या आशेवरही नको. एप्रिल-मे घामाचा, पण ताडगोळ्यांचा. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा असते. जत्रेला जायचं तर जरूर जा, पण "वाटेत जरा दर्शन घेऊ" म्हणालात तर दिवस गेला.

खोलीचं बुकिंग करताना फोटोंवर जाऊ नका. फोन करून तीन गोष्टी विचारा: किनारा चालत किती मिनिटं, बाहेर पाय धुवायला नळ आहे का, आणि जेवण तिथंच बनतं की बाहेरून आणतात. एकदा आम्हाला 'सी व्ह्यू' मिळाला होता तो गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. तेव्हापासून पहिला प्रश्न आमच्या सासूबाईच विचारतात, तोही फोन स्पीकरवर टाकून.

रस्ता त्र्यंबकवरून. पुढे तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटीला हायवे आणि मग डहाणू. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. डहाणूहून बोर्डी आणखी सतराएक. ट्रेननं जायचं तर नाशिकरोडहून आधी मुंबईच्या बाजूला उतरून वर यावं लागतं. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते खरी, पण मुलंबाळं आणि पिशव्या घेऊन तो द्राविडी प्राणायाम मी करणार नाही. गाडीच बरी. पेट्रोल नाशिकलाच भरा, स्टेपनीची हवा बघा, नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. मोखाड्याच्या पट्ट्यात नेटवर्क मनात येईल तेव्हा असतं, त्यामुळे रोख आणि सुटे पैसेही हवेत. काकड्या विकणाऱ्या मावशींपुढे पाचशेची नोट काढून उभं राहणं बरं दिसत नाही.

घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढची सीट, हातात आलेपाक आणि पोटात रिकामेपणाही नाही, मिसळही नाही. निघताना मिसळ चापून जाऊ, हा मोह प्रत्येक नाशिककराला होतो. आवरा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दही, चिवडा आणि केळी एवढं पुरतं. जव्हारला चहा होतोच. वेळ असेल तर शिरपामाळ बघा. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथं होता असं सांगतात. दाभोसा धबधबा पावसाळ्यानंतर लगेच गेलात तरच, उन्हाळ्यात नुसता कडा दिसतो. जाता जाता मुलांना एक गंमत सांगा. ज्या डोंगररांगेतून आपली गोदावरी उगवून पूर्वेला निघते, तिथूनच वैतरणा उगवते आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. म्हणजे आपण वैतरणेच्या बाजूनं खाली चाललोय. आमच्या मुलीनं यावर "मग आपण गंगेला फसवतोय" असा निकाल दिला.

कपड्यांचं बघू. नाशिकची डिसेंबरातली पहाट आणि डहाणूची दुपार यांच्यात एका स्वेटरचं अंतर आहे. निघताना सगळे कुडकुडत बसतात, कासा येईपर्यंत स्वेटर पायाशी लोळत असतात. म्हणून आत सुती कपडे आधीच घालून निघायचं. जीन्स नकोच, ओली झाली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात त्या वेगळ्या. पाण्यात जायला लवकर वाळणारी चड्डी-टीशर्ट. आईला साडीतच पाय भिजवायचे असतील तर नेसायला जुनी सिंथेटिक साडी. सुती साडी पाणी पिऊन इतकी जड होते की लाटेत पाय उचलवत नाही. माणशी एक पंचा घ्या. टॉवेलपेक्षा लवकर वाळतो आणि दुपारी डोक्यावरही घेता येतो. अंगठ्या खोलीवरच काढून ठेवा, पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गेली कळत नाही. चष्म्याला दोरी, मोबाइलला झिपची पिशवी. वाळू झटकायला टाल्कम पावडरचा डबा घ्या: अंग कोरडं झाल्यावर पावडर लावून हात फिरवला की चिकटलेली वाळू पडते. गाडीच्या डिकीत पाच लिटरचा एक कॅन नळाच्या पाण्यानं भरलेला असू द्या, फक्त पाय धुवायला. हा कॅन विसरलात तर पुढचे दोन महिने गाडीत किनारा वाजत राहील.

आता पाण्याबद्दल. आपण रामकुंडावर पोहायला शिकलेले लोक, आपल्याला वाटतं पोहता येतं म्हणजे झालं. कुंडाला काठ असतो, समुद्राला नसतो. पाणी चढत असताना कमरेपर्यंत जा, उतरायला लागलं की बाहेर या. ओहोटी माणसाला आत ओढते. मुलांचा हात धरणारा मोठा माणूस ठरवून ठेवा, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. जेलीफिश दिसली तर मेलेली वाटली तरी हात लावू नका. चुकून लागलीच तर जागा चोळायची नाही, नळाचं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्यानं धुवायची आणि डॉक्टर गाठायचा. गंभीर काही झालं तर ११२.

गाडी वाळूत उतरवू नका. हे मी दोनदा लिहिलं असतं. मागच्या वर्षी एक पांढरीशुभ्र गाडी फोटोसाठी थेट ओल्या वाळूपर्यंत नेलेली बघितली. पुढची चाकं रुतली. मालकानं अ‍ॅक्सिलेटर दाबला, चाकं आणखी खाली गेली. चाकाखाली पायपुसणी घातली, मग नारळाच्या झावळ्या घातल्या, मग कोणीतरी भेळवाल्याची फळी आणली. पाणी चढतंच होतं. वाडीतून ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी चाकाच्या मधोमध पोचलं होतं. दोर बांधणारा पोरगा शांतपणे म्हणाला, "वरून कडक दिसते, खाली चिखल आहे." नंबर प्लेट वाचली तर एमएच १५, आपल्या नाशिकचीच. आम्ही सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळ डोंगराची. बोर्डीजवळच्या बारदा डोंगरावर बहरोटची लेणी आहेत. पारशांच्या संजाण या जुन्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, याच गुहांत बारा वर्षं जपला. तोच अग्नी आज उदवाड्याला आहे. चढ दमवणारा आहे, त्यामुळे चपला चालणार नाहीत, बूट हवेत. माणशी दोन लिटर पाणी हवं, आणि उजाडताच निघायला हवं. पारशी भाविकांची ही श्रद्धेची जागा आहे, वर आरडाओरडा आणि स्पीकर नको. आपण अंजनेरीवर जसं वागावं अशी अपेक्षा करतो तसं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना अस्वली धरणाच्या काठावर बसवा, डबा तिथंच उघडा. वारली चित्रं घ्यायची असतील तर किनाऱ्यावरच्या दुकानांपेक्षा पाड्यावरच्या चित्रकाराकडून घ्या. पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातल्या गंजाडचे.

परतीच्या खरेदीसाठी येतानाच दोन रिकाम्या वस्तू आणायच्या: पुठ्ठ्याचं खोकं आणि रबर लावलेल्या घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. खोकं चिकूसाठी. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन बघून चिकू निवडता येत नाही. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर घरी तीन-चार दिवसांत पिकेल. द्राक्षाच्या पेटीसारखा लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका, कडकच राहतो. स्टीलचा डबा सुक्या बोंबलांसाठी. वलांडीवर वाळणारे बोंबील बघताना सगळ्यांना मोह होतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेतले की जव्हारपर्यंत सगळे काचा उघड्या ठेवून बसतात. ताजं पापलेट घ्यायचं तर बर्फाची पेटी हवी आणि घ्यायचं अगदी निघताना, सकाळी नव्हे.

गाडी भरताना स्वेटर सगळ्यांत वर ठेवा. खोकं, डबा, ओले पंचे यांच्या तळाशी ते जातात, आणि मोखाड्याच्या अलीकडे अंधारात डिकी उपसत बसावं लागतं.