सातपुड्यात मुक्कामाला जाताना

धडगावकडच्या एखाद्या पाड्यावर दोन-तीन दिवस राहायचं असेल, तर वीज आणि रेंज नाहीच असं धरून पिशवी भरा. सगळ्यात आधी पाणी. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. नुसतं प्यायलाच माणशी रोज चार-पाच लिटर धरा. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसो, सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा आणि खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट चुलीवर राहू द्या. जुलाब लागले तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. मीठ मात्र हात राखूनच.

भाकरी बांधून नेण्यापेक्षा कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठच न्या, ते टिकतं. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी.

काडेपेटी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. माझी एकदा दवात भिजली, चूल पेटेपर्यंत पोरं उपाशी रडत होती. टॉर्चमधला एक सेल प्रवासात उलटा घाला, म्हणजे बटण दाबलं जाऊन उतरत नाही. रात्री बाहेर पडताना टॉर्च हातात हवाच, आणि पायात घालण्याआधी बूट झटका, विंचू असतात.