तेल-गॅसच्या लायनीत पाणी कुठं साचतं ते आधी शोधा, या चुका टाळा

वडोदऱ्यात मकरपुऱ्यापासून कोयलीपर्यंत आपली बरीच मराठी पोरं तेल-गॅसच्या कामात आहेत, त्यातली नवीन मुलं भेटली की मी पहिल्यांदा एकच विचारतो, पाइपच्या भिंतीच्या जाडीची रीडिंगं कुठं घेता? उत्तर बहुतेकदा असं असतं की जुन्या यादीत जे पॉइंट आहेत तिथंच. म्हणजे जिथं शिडी लागते, हात पोचतो, तिथंच दरवर्षी. गंज मात्र दुसरीकडेच बसलेला असतो.

एका प्लांटमध्ये आम्हाला हे महागात पडलं. मेन लाईनची रीडिंगं अगदी छान, आणि शेजारचा बायपासचा, म्हणजे पर्यायी वाटेचा, तुकडा, ज्याचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षं उघडलाच नव्हता, तो यादीत नव्हताच. एक दिवस त्याच्या खालून घाम आल्यासारखं ओलं दिसलं. कापून बघितला तर वरचा अर्धा पाइप नव्यासारखा आणि तळाला खड्डेच खड्डे. वाहणं थांबलं की पाणी तेलाखाली जाऊन बसतं, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते आम्ल होतं, वर गाळाचा थर आला की त्याखाली बॅक्टेरिया वाढतात आणि आपण सोडलेलं इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं केमिकल, तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून डोस वाढवून उपयोग नसतो, आधी गाळ काढा, तो तुकडा लागत नसेल तर कापूनच टाका, आणि लागत असेल तर ठराविक दिवसांनी फ्लश करा आणि रीडिंग तळाला घ्या.

गॅसची लाईन कोरडीच असते असं धरून चालणं ही पण तसलीच चूक. ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबॅडजवळ गॅसची पाइपलाइन फुटली, जवळच तंबू ठोकून राहिलेली 12 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. पाइप आतून खाल्ला गेला होता, सखल जागी साचलेल्या पाण्यामुळे. मार्च 2006 मध्ये अलास्कात प्रुडो बे इथं तेल सांडलं तिथंही लायनीच्या तळाला गाळ होता आणि 1998 नंतर आतून तपासणारा पिग, म्हणजे लायनीतून सरकत जाणारं यंत्र, फिरवलेला नव्हता.

आता फ्लो कमी झाला की काय करतात, तर पंपाचं प्रेशर वाढवतात. थांबा जरा. आपल्या गुजरातेतलं काही तेल मेणवालं आहे, जानेवारीच्या पहाटे डब्यातलं तूप थिजतं तसंच ते लायनीत थिजतं. पोअर पॉइंट, म्हणजे तेल थिजायचं तापमान, कमी करायचं केमिकल तेल गरम असतानाच मिसळावं लागतं, थिजल्यावर ओतलं तर काही होत नाही. रात्री लाईन बंद ठेवायची असेल तर आधीच हलकं तेल भरून ठेवा. आणि बरेच महिने साफ न केलेल्या लायनीत एकदम कडक ब्रशवाला पिग सोडू नका, तो पुढं मेणाचा ढीग लोटत नेतो आणि स्वतःच अडकतो, आधी मऊ फोमचा सोडा.

हिवाळ्यात अजून एक होतं. पाणी थंड असतं म्हणून कूलरचा, म्हणजे प्लांटमधला गरम माल पाण्यानं थंड करणाऱ्या यंत्राचा, वॉटर व्हॉल्व्ह आवळतात, ट्यूबमधला वेग सेकंदाला 1 मीटरच्या खाली जातो, गाळ आणि शेवाळ धरतं आणि उन्हाळ्यात ट्यूब गळायला लागल्या की सगळे मटेरियलला दोष देतात. तापमान सांभाळायला प्रोसेसच्या, म्हणजे थंड करायच्या मालाच्या, बाजूनं बायपास द्या, पाणी तोडू नका.

क्रूड कॉलमच्या, म्हणजे कच्चं तेल तापवून वेगळं करणाऱ्या मनोऱ्याच्या, ओव्हरहेडला, म्हणजे वरून वाफ नेणाऱ्या लायनीला, वॉश वॉटर (मीठ धुवायचं पाणी) देताना पण कंजूषी नको. थोडंसंच दिलं तर सगळंच वाफ होऊन जातं आणि मीठ तिथंच चिकटून राहतं. साधारण पाव भाग पाणी द्रवरूपातच राहायला हवं, तरच धुतलं जातं.

इन्सुलेशनचं थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी राहून जातं. पत्र्याचा जोड उघडा पडला की पावसाचं पाणी आत जातं आणि कोमट-गरम लायनीवर महिनोन्महिने तसंच मुरत राहतं, 50 ते 150 अंशांच्या लायनी जास्त सोसतात. मे महिन्यातच फिरून, जिथं लोक पाय देऊन चढतात ते पत्रे आणि सपोर्टजवळचे जोड बघून सील करा, आणि जिथं पत्रा फुगलाय तिथं वरून सील मारू नका, उघडून आत बघा.