विद्यापीठात सॉफ्टवेअर घेताना या चुका टाळा

सॉफ्टवेअर अचानक बंद पडलं म्हणून कोणी आलं की मी आधी एकच विचारतो, खातं कोणत्या ईमेलवर उघडलंत? बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खात असतं. मॅटलॅबसारख्या (गणिती आकडेमोडीच्या) सॉफ्टवेअरचं लायसन्स पूर्ण विद्यापीठासाठी घेतलेलं असलं, तरी तुम्ही तिथले आहात हे कंपनीला संस्थेच्या ईमेलवरूनच कळतं. खासगी पत्त्यावर खातं काढलं की हाती पडते ती ३० दिवसांची ट्रायल, आणि ती संपते नेमकी प्रबंध सादर करायच्या आठवड्यात. संस्थेच्या ईमेलवर नवं खातं काढा, लायसन्स त्याला जोडा आणि पुन्हा ॲक्टिव्हेट करा. सॉफ्टवेअर काढून परत टाकायची सहसा गरज पडत नाही.

‘फुकट आहे’ ऐकून डाउनलोड करणं ही दुसरी चूक. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचं मूळ पॅकेज मुक्त सॉफ्टवेअर आहे, खुशाल वापरा. त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचं, म्हणजे जादा सोयींच्या जोडपॅकेजचं, लायसन्स मात्र वेगळं: वैयक्तिक वापर, चाचणी, किंवा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांचा वापर, एवढंच मोफत. परीक्षा विभागाच्या कार्यालयीन संगणकावर तो टाकला तर यांपैकी कशातच बसत नाही. ऑरॅकलच्या जावाची वर्गणी तर जानेवारी २०२३ पासून संस्थेच्या एकूण कर्मचारीसंख्येवर मोजतात. वापरणारे दोघेच असले तरी हिशेब सगळ्यांचा. ओपनजेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती घेतली तर हा प्रश्नच येत नाही.

याच वळणावर शैक्षणिक लायसन्सवर कंपनीचं सल्लागारीचं काम करणारे भेटतात. ‘संगणक तोच, माणूसही तोच, मग अडचण काय?’ असं विचारतात. अडचण कामाची आहे. सवलत शिकण्या-शिकवण्यासाठी दिलेली असते, मानधनाच्या प्रकल्पासाठी नव्हे. अटी वाचा; प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात व्यावसायिक लायसन्सचा खर्च सुरुवातीलाच धरा.

आता सर्व्हरवरून वाटल्या जाणाऱ्या लायसन्सबद्दल, कारण सर्वाधिक वेळ तिथे जातो. फ्लेक्सनेटचा, म्हणजे ही लायसन्सं वाटणाऱ्या प्रणालीचा, एरर आला की लोक ‘चालत नाही’ एवढंच कळवतात. आकडा कळवा, निम्मं निदान त्यातच असतं. -४ म्हणजे सगळ्या जागा भरल्या. कोणीतरी प्रोग्राम उघडा ठेवून निघून गेलंय. -१५ किंवा -९६ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. घरून काम करत असाल तर आधी व्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणारी सोय) पाहा. -९ म्हणजे होस्ट आयडी, अर्थात लायसन्समध्ये नोंदलेली संगणकाची ओळख, जुळत नाही. हा आयडी बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (त्या कार्डाचा ओळखक्रमांक) असतो, म्हणून स्वतःचं नेटवर्क कार्ड असलेल्या डॉकवर लावलेला लॅपटॉप डॉकवरून काढला की कालपर्यंत चालणारं लायसन्स आज रुसतं. -८८ आला तर घड्याळ मागे नेलंय असं समजा. मुदत वाढवायची ही युक्ती फार जुनी आहे आणि प्रोग्रामलाही ठाऊक आहे.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांची एक खास चूक: फायरवॉलमध्ये २७००० हा पोर्ट (नेटवर्कवरच्या संपर्काचा क्रमांकित दरवाजा) उघडतात आणि काम झालं म्हणतात. पण सॉफ्टवेअर कंपनीचा डीमन, म्हणजे सर्व्हरवर मागे चालणारा तिचा प्रोग्राम, दुसऱ्याच पोर्टवर बोलतो, आणि तो पोर्ट ठरवून दिला नसेल तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर बदलू शकतो. महिनाभर सुरळीत चाललेली लॅब वीज जाऊन आल्यावर बंद पडते ती यामुळेच. लायसन्स फाइलमध्ये दोन्ही पोर्ट नक्की करा, दोन्ही उघडा.

खरेदीबद्दल थोडक्यात. आधी संगणक केंद्राला विचारा. शेजारच्या विभागाने तेच घेतलेलं असू शकतं. आणि अटींपुढचं ‘मान्य’ बटण संस्थेच्या वतीने दाबायचा अधिकार तुम्हाला आहे का, तेही विचारून घ्या.

विद्यापीठाच्या लॅपटॉपवरचं विंडोज केएमएसने, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरवरून, ॲक्टिव्हेट केलेलं असेल, तर ते १८० दिवसांपुरतं असतं. एरवी ते आपोआप नवं होतं, पण त्यासाठी विद्यापीठाच्या नेटवर्कशी संपर्क लागतो. लांबच्या क्षेत्रकार्यावर असाल तर महिन्यातून एकदा तरी व्हीपीएन जोडा. पदवी घेऊन निघणाऱ्यांचं खातं बंद झालं की लायसन्सही जातं, तेव्हा त्याआधीच आपल्या फायली सीएसव्ही किंवा पीडीएफसारख्या कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात काढून ठेवा.